सार्वजनिक सायकली आणि होड्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

एकाच सभासदत्वावर सायकलही मिळते आणि होडीही, अशा सार्वजनिक सेवेचा काही महिने नियमित वापर केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या दोन गोष्टी एकाच मोजपट्टीने जोखता येत नाहीत. सायकलीचे कुलूप मोबाइलवरून उघडते आणि ती दुसऱ्या थांब्यावर लावून माणूस निघून जातो. तेथे कर्मचारी नसला तरी फारसे अडत नाही. होडीच्या धक्क्यावर मात्र वारा पाहणारा, पाण्यात तरंगत ठेवणारे जाकीट नीट बसले आहे का ते तपासणारा आणि ठरल्या वेळेत कोण परतले नाही याची नोंद ठेवणारा माणूस लागतोच, आणि तो नसेल तर होडी सोडायची नाही, एवढी शिस्त व्यवस्थेत असावी लागते.

आधी सायकलींविषयी. वजनाला जड, मधली दांडी खाली वाकवलेली, चेन पूर्ण झाकलेली आणि गियर मागच्या चाकाच्या तुंब्यातच बंद असलेली ही सायकल वेगासाठी बनवलेली नाही, आणि फेरफटक्यासाठी तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही. सीटच्या नळीवर आकडे कोरलेले असल्याने आपला आकडा एकदा लक्षात राहिला की उंची क्षणात जुळवता येते. ही बारीकशी सोय मला सर्वांत उपयोगी वाटली. निघण्यापूर्वी टायर अंगठ्याने दाबून पाहावे आणि ब्रेक आवळल्यावर त्याची दांडी हँडलला टेकत असेल, तर ती सायकल घेऊ नये.

नादुरुस्त सायकल ओळखू येत नाही, हा खरा त्रास आहे. अॅपवर तक्रार नोंदवली तरी सायकल थांब्यावर तशीच उभी राहते आणि पुढचा माणूस तीच सोडवून घेतो. पॅरिसमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘व्हेलिब’ या सार्वजनिक सायकल सेवेचे सभासद बिघडलेल्या सायकलीची सीट उलटी फिरवून ठेवतात, लांबूनही दिसणारी ही खूण कोणत्याही अॅपपेक्षा भरवशाची आहे आणि ती येथेही रूढ व्हावी. दुसरी अडचण चढाची. उतारावरून सगळे सायकलीने येतात आणि परत जाताना कोणी चढ चढत नाही, त्यामुळे संध्याकाळी खालचे थांबे भरलेले आणि वरचे मोकळे असतात. ट्रकने सायकली वर नेणे खर्चिक पडते. वरच्या थांब्यावर सायकल लावणाऱ्याला पुढच्या फेरीसाठी थोडा जादा वेळ देणे हा स्वस्त उपाय आहे, आणि व्हेलिबने तोही करून पाहिलेला आहे.

होड्यांच्या बाबतीत संचालकांनी निवड विचारपूर्वक केली आहे, हे मान्य करावे लागेल. वर बसून वल्हवायची प्लास्टिकची कयाक नवख्यांसाठी योग्यच, कारण तिच्या आरपार असलेल्या भोकांतून आत आलेले पाणी आपोआप निचरते आणि ती कलंडली तरी माणूस आत अडकून राहत नाही. जाकिटांबाबत मात्र मी समाधानी नाही. धक्क्यावर बहुतेक जाकिटे ५० न्यूटन उत्प्लावकतेची, म्हणजे माणसाला पाण्यात वर उचलून धरण्याच्या तेवढ्या जोराची आहेत. ती पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असलेल्या ठिकाणासाठी असतात. पोहता न येणाऱ्याला १०० न्यूटनची किंवा त्याहून अधिक क्षमतेची द्यायला हवीत, आणि पोहता येते का, हा प्रश्न होडी देण्यापूर्वी प्रत्येकाला विचारायला हवा. जाकीट चढवल्यावर खांद्याला धरून वर ओढावे. ते कानापर्यंत सरकले तर पाण्यातही तसेच सरकेल. शिवाय ओली जाकिटे पेटीत कोंबण्याऐवजी हुकावर टांगली, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा कुबट वास कोणाला सोसावा लागणार नाही.

सामायिक होडीचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. स्वतःच्या होड्या एका जलाशयातून दुसऱ्यात नेताना झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव तळाला चिकटून सोबत जातात आणि नव्या पाण्यात पसरतात. कायम एकाच पाण्यात राहणाऱ्या होड्यांमुळे हा धोका टळतो. कोपनहेगनमध्ये २०१७ पासून एक उपक्रम पाण्यातला कचरा गोळा करण्याच्या बदल्यात कयाक विनामूल्य देतो. त्या धर्तीवर येथे एक बादली आणि चिमटा ठेवला, तरी पुष्कळ लोक आनंदाने कचरा उचलतील असा माझा अंदाज आहे.

सेवा पूर्णपणे मोफत असावी, या मताशी मी सहमत नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १९६५ साली प्रोव्हो या तरुणांच्या बंडखोर चळवळीने पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलुपाविना सर्वांसाठी ठेवल्या आणि पोलिसांनी त्या जप्त केल्या. कोपनहेगनने १९९५ साली नाणे टाकून सुटणारी आणि परत लावल्यावर नाणे परत देणारी पद्धत आणली. जबाबदारी आठवण्यापुरती छोटी अनामत, आणि ती न परवडणाऱ्यांना ओळखीच्या आधारे सूट, ही मधली वाट मला पटते. अपंगांसाठी तीन चाकांची सायकल आणि धक्क्यावरून होडीत सरकण्याचे आसन अजून नाही, ते आधी यावे.

पुढच्या हंगामासाठी सभासदत्व चालू ठेवणार आहे. होडी शक्यतो सकाळी घेईन आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वल्हवीन, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहील.