मोठी मोहीम की बुटांचं परीक्षण?

धावण्याचे व्हिडिओ सुरू करू पाहणारा भाचा विचारतो, 'मामा, लोक काय बघायला थांबतात? धावपटू रस कुकची मोहीम की यूट्यूबर कोफुझीची बूट-परीक्षणं?'

कुककडे उत्सुकता आहे. 'हार्डेस्ट गीझर' या नावाने ओळखला जाणारा हा इंग्रज तरुण दक्षिण आफ्रिकेच्या टोकापासून ट्युनिशियापर्यंत धावला. १६ देश, ३५२ दिवस. शेवट ७ एप्रिल २०२४ ला. अंगोलात बंदुकीच्या धाकाने लूट, मग पाठदुखी. अल्जीरियाचा व्हिसा अडला तेव्हा त्याने व्हिडिओतूनच मदत मागितली. उद्या काय होणार, हा प्रश्न प्रेक्षकाला परत आणतो. माझ्या मते वेगापेक्षा हे न लपवलेले हाल लोकांना भिडले.

शिकागोचा कोफुझी धावता धावताच कॅमेऱ्याशी बोलतो. त्याच्याकडे माणूस गरजेपोटी येतो: एवढे महागडे बूट घ्यावेत का? इथे सगळं विश्वासावर चालतं. एकदा खोटं कौतुक केलंस की संपलं.

खर्चात मोहीम भारी: सोबतची गाडी, चित्रीकरणाची माणसं, प्रायोजक. परीक्षणाला फोन पुरतो, फक्त बूट सतत लागतात. टिकण्याचं मात्र उलट. नवं मॉडेल आलं की जुनं परीक्षण शिळं. मोहिमेची गोष्ट वर्षांनीही बघितली जाते.

नोकरी सांभाळून दर आठवड्याला व्हिडिओ टाकायचा असेल तर परीक्षणच घे. वर्ष मोकळं असेल, सोबत भरवशाची माणसं असतील आणि पडलेला चेहराही दाखवायची तयारी असेल, तर मोहीम.