इटालियन बोलायला शिकायचंय: मालिका बघाव्यात, रेडिओ लावावा की सानरेमोची गाणी?

मिलान किंवा तोरिनोला मास्टर्ससाठी निघालेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: कोर्स इंग्रजीत आहे, मग मालिका बघत बघत इटालियन शिकलो तर भागेल का? वर्गात इंग्रजीवर निभावतं. पण पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो, म्हणजे राहण्याचा परवाना, काढायला क्वेस्तुराच्या, म्हणजे पोलीस मुख्यालयाच्या, खिडकीशी उभं राहिलात किंवा घरमालकिणीला गीझर बिघडल्याचं सांगायचं झालं, की इटालियनच लागते. अंकओळख आणि चार क्रियापदं झाली असतील, तर एवढ्यापुरती भाषा टीव्ही-रेडिओवरून येते. फक्त नाव ऐकून निवड करू नका.

कारण सगळ्यात गाजलेल्या मालिका या कामाला सगळ्यात कुचकामी आहेत. ‘गोमोर्रा’ (२०१४–२०२१) घ्या. पात्रं बोलतात ती नापोलीची बोली, आणि ती इतकी दाट की खुद्द इटलीत मालिकेला इटालियन सबटायटल्स लावावी लागली. ‘लामीका जेनिआले’चंही तेच. कानावर एक पडतं आणि डोळे दुसरंच वाचतात. अहिराणी सिनेमे पाहून पुण्यातल्या बँकेत बोलायची तयारी करावी, तसला प्रकार. दोन्ही मालिका जरूर बघा, पण जेवताना. वही घेऊन नको. नेटफ्लिक्सवरची ‘स्त्राप्पारे लुंगो इ बोर्दी’ (२०२१) सहाच छोट्या भागांची म्हणून मोह होतो. तीत रोमची बोली सुसाट वेगाने येते, आणि जवळपास सगळ्या पात्रांना आवाज एकाच माणसाचा. कोण बोलतंय इथपासून सुरुवात!

‘कोम्मिस्सारियो मोन्ताल्बानो’ (१९९९–२०२१) ही मधली वाट. सिसिलीची फोडणी आहे, पण भाषा समजते. फोनवर इन्स्पेक्टर म्हणतो, ‘मोन्ताल्बानो सोनो’ (मी मोन्ताल्बानो आहे), क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. मराठी कानाला गोड वाटतं. उचलू मात्र नका. मिलानमध्ये ‘सोनो’ आधी येतो. तीच गोष्ट भूतकाळाची. सिसिलीत सकाळी घडलेल्या गोष्टीलाही पास्सातो रेमोतो, म्हणजे ‘दूरचा भूतकाळ’, वापरतात. उत्तरेत तो काळ बोलण्यात सहसा येत नाही, तिथे तुम्ही इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवताय असं वाटेल.

मग बघायचं काय? माझं मत ‘उन पोस्तो अल सोले’ला. राई त्रे या सरकारी वाहिनीवर १९९६पासून चालू असलेली, सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी लागणारी मालिका. घडते नापोलीत, समुद्राकाठच्या एका मोठ्या इमारतीत, पण संवाद बहुतेक सरळ इटालियनमध्ये. समीक्षक नाकं मुरडोत. भाषा शिकणाऱ्याला हिच्यातला पाल्हाळच उपयोगाचा. एकाच्या घरात भांडण झालं की ते दारवानाला कळतं, तो बायकोला सांगतो, बायको शेजारणीला. एकच घटना तीन तोंडांनी, तीन वेळा, थोड्या वेगळ्या शब्दांत कानावर पडते. शिवाय कोण कुणाला ‘तू’ म्हणतं आणि कोण ‘लेई’, म्हणजे अहो-जाहो, हे प्रत्येक प्रसंगात ऐकू येतं. पाहुणा ‘लेई’ने सुरुवात करतो आणि कॉफी होता होता यजमान म्हणतो, ‘दियामोची देल तू’, चला, अरे-तुरे करू या. हे वाक्य तुम्हाला तिथे पहिल्याच महिन्यात कुणीतरी ऐकवेल, आणि शक्यतो समोरच्या वडीलधाऱ्या माणसालाच ते म्हणू द्यावं.

अडचण एकच: राईप्लेवरचे (राईचं ऑनलाइन व्यासपीठ) बरेच व्हिडिओ इटलीबाहेर उघडत नाहीत. म्हणून निघण्याआधी रेडिओ धरा. राई रादियो त्रेवर सकाळी ‘प्रीमा पाजिना’ लागतं. दर आठवड्याला नवा पत्रकार, तो त्या दिवशीची वर्तमानपत्रं वाचून दाखवतो. हा भाग जड असतो, सुरुवातीला खुशाल सोडून द्या. पुढे श्रोत्यांचे फोन येतात, ते ऐका. कुणी दक्षिणेतल्या बारी शहरातलं, कुणी उत्तरेतल्या उदिनेचं; प्रत्येकाची ढब निराळी, सगळे ‘लेई’ने बोलणारे, आणि सगळ्यांना काहीतरी पटवून द्यायचंय. ‘सेकोन्दो मे’ (माझ्या मते), ‘च्योए’ (म्हणजे), ‘इन्सोम्मा’ (थोडक्यात), ‘कोमुंक्वे’ (काही असो) हे सांधे कुठे पडतात ते इथे कळतं. चित्राचा आधार नाही, त्यामुळे पहिले काही आठवडे वैताग येईल. एक फोन निवडा, थांबवत थांबवत देवनागरीत उतरवा. त, द, दुहेरी व्यंजनं आणि ‘चमचा’तला च (‘पित्सा’त तोच आहे) आपल्याकडे आधीपासून आहेत, तेव्हा रोमनपेक्षा हे लेखन उच्चाराला जास्त इमानी राहतं. द्वित्त मात्र खाऊ नका. ‘पेन्ने’चं ‘पेने’ केलंत तर वेटर का हसतोय ते शब्दकोशात बघावं लागेल.

रेडिओ फारच अवघड वाटला तर यूट्यूबवर ‘ईझी इटालियन’. रस्त्यावरच्या लोकांना पकडून विचारलेले साधे प्रश्न, खरीखुरी अडखळती उत्तरं. खाली इटालियन आणि इंग्रजी अशा दोन ओळी असतात आणि डोळे हमखास इंग्रजीवर जातात. स्क्रीनच्या तळाला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा.

ओळखीची इंग्रजी मालिका इटालियन डबिंगमध्ये बघायचा सल्लाही मिळेल. उच्चार स्वच्छ असतात हे खरं. पण डबिंग आणि सबटायटल्स वेगवेगळी केलेली असल्याने शब्द जुळत नाहीत, आणि डबिंगच्या कृत्रिम भाषेची इटालियन लोकच ‘दोप्पियाज्जेसे’ म्हणून टिंगल करतात.

राहिली गाणी. तोंडात बसतात, पण गाण्यात आघात सरकतात, शब्दक्रम उलटसुलट होतो; त्यावरून वाक्य करायला जाऊ नये. सानरेमोतला गाण्यांच्या स्पर्धेचा महोत्सव मात्र फेब्रुवारीत तिथे असाल तर चुकवू नका. १९५१पासूनची परंपरा, हल्ली पाच रात्री, मध्यरात्र उलटेपर्यंत. गाण्यांपेक्षा मधली निवेदकांची बडबड ऐका. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये प्रत्येकाचं कुणाच्या तरी कपड्यांवर, कुणाच्या तरी क्रमांकावर मत असतं, आणि तुमचं काय, असं हमखास विचारतात.