मुंग्या पाळायचा अ‍ॅक्रिलिक किट : सात-आठ महिने वापरल्यानंतर (झाकणाबद्दल जरा जास्तच)

किटमध्ये काय काय येतं ते लिस्टिंगवर आहेच, परत लिहीत नाही. १८०० रुपये मोजलेत म्हणून मुद्द्याचं बोलतो, मुद्दा म्हणजे झाकण.

राणी फुकटची. पहिल्या पावसानंतर सोसायटीच्या दिव्याखाली पंख टाकून फिरणारी डोंगळ्याची राणी सापडली (आपला नेहमीचा मोठा काळा डोंगळा, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस). टेस्ट ट्यूबमध्ये तिसरा हिस्सा पाणी, त्यावर कापूस घट्ट, मग राणी आणि तोंडाला परत कापूस. ट्यूब अंधारात ठेवली आणि खायला काहीही दिलं नाही, कारण आता न लागणारे उडायचे स्नायू विरघळवून ती त्यावरच पहिल्या अळ्या वाढवते. रोज उघडून बघायचा मोह होतो, तो मात्र आवरायचा, हलवाहलव झाली की अंडी खाऊन टाकते. पुढे तपकिरी कोष फुटले आणि इवल्याशा कामकरी बाहेर आल्या. पहिली खेप अर्धपोटी वाढते म्हणून बारीकच असते.

मग हा किट घेतला आणि ट्यूब तशीच त्यातल्या मुंग्यांच्या फिरायच्या डब्याला जोडली. चार दिवसांत ओट्यावर डोंगळे! आई म्हणाली, "अरे लोक मुंग्या घालवायला पावडर आणतात, तू विकत घर आणलंस त्यांना?" बघितलं तर झाकणाचा एक कोपरा मिलीमीटरभर वर. आत ओल, बाहेर पंखा, अ‍ॅक्रिलिक खालच्या बाजूने फुगतं आणि कोपरे उचलतात, झाकण धरणारे मॅग्नेट बिचारे काय करणार. सेलरला फोटो पाठवले तर म्हणे अनबॉक्सिंग व्हिडिओ द्या, नाहीतर क्लेम नाही. अहो, झाकण पावसात वाकलं, खोका उघडताना नाही! त्यावर उत्तर आलं की वर जड वस्तू ठेवा. म्हणजे १८०० रुपयांच्या वस्तूवर मी वरवंटा ठेवायचा.

दाराला लावतात ती फोमची पट्टी ३० रुपयांची आणून चिकटवली. हिने तर मजा आणली, पठ्ठ्यांनी ती कुरतडली आणि काळा चुरा एका कोपऱ्यात मेलेल्या चिलटांच्या शेजारी नीट ढीग करून ठेवला. कचऱ्याची जागा ठरलेली, तिथेच. वर चढू नयेत म्हणून काठाला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावली, तीही पावसाळ्यात दमट होऊन गोळे धरते आणि मग ह्या आरामात चढतात. इथपर्यंत माझा एकच स्टार होता.

अपडेट : ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि झाकण आपोआप जवळजवळ सपाट झालं, पावडरही टिकायला लागली. बाकी किट चांगला आहे हे कबूल करावं लागतंय. किटमधल्या स्पंजला सिरिंजने पाणी दिलं की ओल बरोबर एकाच टोकाला राहते, अळ्या तिकडे नेतात आणि कोष कोरड्या बाजूला रचतात. लाल फिल्ममधून हे सगळं दिसतं, त्यांना लाल उजेड फारसा कळतच नाही. साखरपाणी पिऊन एखादी आत जाते, पोट इतकं ताणलेलं की पट्ट्यांमधून आरपार दिसतं, आणि मग तोंडाला तोंड लावून बाकीच्यांना थेंब थेंब वाटते. हे बघत मी दोन मीटिंगा म्यूटवर घालवल्यात. प्रोटीनला बॅटने मारलेले डास. फवारा मारलेलं झुरळ चुकूनही देऊ नका, अख्खी वसाहत जाईल.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत किट घेऊच नये, ट्यूब आणि चुन्याच्या डबीएवढं साधं प्लास्टिकचं डबडं पुरतं. आणि घेतलाच तर पावसाळ्याआधी फ्रेमवाल्याकडून झाकणासाठी ४ मिमी काच मापाने कापून, हवेला भोक पाडून, त्याला बारीक स्टीलची जाळी चिकटवून घ्या. जड बसते, वाकत नाही, मला ९० रुपये पडले. आता साडेतीन स्टार, अर्धा काचेचा. जुनं झाकण सेलरला परत पाठवणार होतो, पण कुरिअरवाला १२० मागतोय.