जाहिरातीवर कमवायचं की वाचकांच्या वर्गणीवर?

व्हिडिओ किंवा लेख टाकून कमवायचंय, पण यूट्यूबसारख्या जाहिरातीच्या वाटेने जायचं की सबस्टॅक (न्यूजलेटर, म्हणजे ईमेलने जाणारा लेखांचा अंक, काढायची साइट), पॅट्रिऑनवर लोकांकडून थेट वर्गणी घ्यायची हे ठरत नसेल तर आधी धंद्यात काय बदललंय ते बघा. पूर्वी छपाई आणि वितरणालाच एवढा पैसा लागायचा की ज्याच्याकडे प्रेस त्याच्याच हातात सगळं. आता इंटरनेटवर एक कॉपी काढा नाहीतर लाख, खर्च जवळपास शून्य, त्यामुळे मजकूर बख्खळ झालाय आणि लोकांचा दिवस मात्र अजून 24 तासांचाच. म्हणजे भांडण सगळं त्या वेळेसाठी.

जाहिरातीचं गणित सोपं दिसतं. यूट्यूब मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या कमाईतले 55 टक्के देतं, शॉर्ट्सला 45, आणि तेही सगळ्यांचे पैसे एकत्र करून व्ह्यूजप्रमाणे तुमच्या वाट्याला जे येतं त्यातले. त्यासाठी आधी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास वॉच टाइम लागतो (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज, पण तो नाद सोडलेलाच बरा). बघणाऱ्याला खिशात हात घालावा लागत नाही आणि एखादा जुना व्हिडिओ वर्षानुवर्षं कमवत राहतो, हा मोठा फायदा.

पण रेट तुम्ही ठरवत नाही. पैशांच्या गुंतवणुकीवर बोललात तर जाहिरातदार जास्त मोजतो, कवितेवर बोललात तर तेवढ्याच व्ह्यूजचे बरेच कमी मिळतात. 2017 मध्ये अतिरेकी व्हिडिओंशेजारी आपल्या जाहिराती दिसतात म्हणून मोठमोठे ब्रँड यूट्यूबवरून बाजूला झाले आणि ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता अशांची पण कमाई आपटली.

वर्गणीत तेवढ्याच कमाईला वाचक कमी लागतात. सबस्टॅक 10 टक्के कापतं, वर कार्ड पेमेंटची फी, बाकी तुमचं. फक्त एक बघून घ्या, आयफोनच्या अ‍ॅपमधून वर्गणी भरली तर अ‍ॅपल 30 टक्क्यांपर्यंत घेऊ शकतं, म्हणून लोकांना वेबसाइटवरूनच भरायला सांगा. माझ्या मते खरी कमाई म्हणजे वाचकांच्या ईमेलची यादी. ती डाउनलोड करून दुसरीकडे नेता येते, यूट्यूबचे सबस्क्रायबर कुठेच नेता येत नाहीत.

त्रास पण आहे हं. दर महिन्याला काहीजण गुपचूप वर्गणी बंद करतात, म्हणजे नुसतं आहे तिथे राहायला पण नवे लोक आणावे लागतात, आणि कुलूपबंद लेख कोणी फॉरवर्ड करत नाही त्यामुळे नवे येणार कुठून हा प्रश्न उरतोच. शिवाय पैसे घेतलेत म्हटल्यावर ताप असो की लग्नकार्य, ठरलेल्या दिवशी अंक गेला पाहिजे. न्यूयॉर्क टाइम्सने 2011 मध्ये पेवॉल (पैसे भरल्याशिवाय लेख उघडत नाहीत अशी सोय) लावली आणि 2020 च्या एका तिमाहीत त्यांची डिजिटल कमाई पहिल्यांदा छापील कमाईच्या पुढे गेली, हे उदाहरण सगळे देतात, पण एवढं मोठं नाव आणि एवढी न्यूजरूम असून नऊ वर्षं लागली हे कोणी सांगत नाही.

मग निवडायचं कसं? लोक तुमच्याकडे अडचण घेऊन येतात की तुमचं म्हणणं ऐकायला येतात ते बघा. नळ कसा दुरुस्त करायचा, एक्सेलचा फॉर्म्युला कसा लावायचा असलं काम असेल तर सरळ जाहिरात, कारण काम झालं की माणूस गेला, तो दरमहा पैसे कशाला देईल? एकाच विषयावर नेमाने लिहिता आणि ते दुसरीकडे सहज मिळत नाही, तर वर्गणी. दोन्ही एकदम करा असा सल्ला खूप मिळेल, पण एकट्या माणसाने सुरुवातीलाच तसं करू नये, दोन्ही अर्धवट होतात.

तरी ठरत नसेल तर आधी फुकट न्यूजलेटर काढा. अंक चुकला आणि लोकांनी मेल करून विचारलं की मगच पैसे मागा, आणि मागताना वार्षिक वर्गणीचा पर्याय वर ठेवा, म्हणजे दर महिन्याला कोण गेलं ते मोजत बसावं लागत नाही.