मेंदूला मार लागलेल्यांसाठीचं निवासी रिहॅब, नागपूर: ऑगस्ट ते जानेवारीचा अनुभव

सेंटरचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी एक हिशेब अजून मिटायचा आहे आणि भाऊ आजही तिथेच ओपीडीला जातो. वर्धा रोडच्या बाजूला आहे, एवढं पुरे. ज्यांच्या घरी हेड इंज्युरीचा पेशंट आहे त्यांना जीसीएस, ट्रॅकिओस्टॉमी, राइल्स ट्यूब समजावून सांगायची गरज नाही. गेल्या काही महिन्यांत हे शब्द त्यांच्या तोंडी बसलेच असतील. बाकीच्यांसाठी एका ओळीत: जीसीएस म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे याचे 3 ते 15 मधले गुण, ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र, राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी. आता थेट राहण्याच्या अनुभवावर येतो.

धाकट्या भावाचा अपघात जूनमध्ये रिंग रोडवर झाला. हॉस्पिटलला पोचला तेव्हा जीसीएस 7. उजवीकडचं कवटीचं हाड काढून, नंतर परत बसवता यावं म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवलं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. जुलैअखेर डॉक्टर म्हणाले, आता आमचं काम झालं, पुढचं काम रिहॅबचं. घरी आईचे गुडघे दुखतात, मी नोकरीवर, आणि हा रात्री उठून नळी ओढणारा. घरी ठेवणं शक्यच नव्हतं.

दोन-तीन ठिकाणं पाहिली. एका ठिकाणी भरदुपारी दोन पेशंटांचे हात पलंगाला बांधलेले दिसले. तिथूनच परत फिरलो. या सेंटरला कोणाला बांधत नाहीत, आणि हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. चिडचिडीच्या दिवसांत भावाने एका अटेंडंटला जोरात फटका मारला, तरी त्या पोराने फक्त खोलीतला दिवा मंद केला, बाहेरच्यांना घालवलं आणि जमिनीवर बसून राहिला. गडचिरोलीकडचा पोरगा, विशीतला. त्याच्यासारखा माणूस पैसे देऊन मिळत नाही.

पॅकेज महिन्याला पन्नास-साठ हजारांच्या घरात. डायपर, ग्लोव्ह्ज, फीडची पावडर वेगळी. मेडिक्लेमवर भिस्त ठेवून असाल तर आधीच पॉलिसी काढून वाचा. आयआरडीएआयने (विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरवून दिलेल्या वगळलेल्या खर्चांच्या यादीत 'एक्सक्लुजन 05' आहे: विश्रांती, रिहॅबिलिटेशन, रेस्पाइट केअर (घरच्यांना उसंत मिळावी म्हणून घेतलेली तात्पुरती देखभाल). अंघोळ घालणं, कपडे घालणं, उठवणं-बसवणं यासाठीचा माणूस, नर्स असो की अटेंडंट, त्यातच मोडतो. आमच्या पॉलिसीत ते शब्दशः होतं. ऑपरेशनचे पैसे मिळाले, रिहॅबचा एक रुपया नाही.

आता फळा. प्रत्येक पलंगाशेजारी एक पांढरा फळा लावलेला. त्यावर वार, तारीख, 'तुम्ही नागपूरला आहात', 'तुमचा अपघात झाला होता' आणि त्या दिवशीच्या अटेंडंटचं नाव. अॅडमिशनच्या दिवशी मॅनेजरने कौतुकाने दाखवला. गोष्ट बरोबरच आहे. मार लागल्यानंतर बरेच आठवडे नवीन काही डोक्यात टिकत नाही, माणूस जागा असतो पण कालचं आज नसतं. आमचा भाऊ स्वतःला उमरेडच्या घरीच समजायचा. अशा माणसाला दिवसातून अनेकदा तीच खरी माहिती, त्याच जागी, त्याच शब्दांत मिळावी लागते. चुकीचं उत्तर एकदा बसलं की तेच पुन्हा पुन्हा येतं.

आणि तो फळा बदलायला कोणीच नव्हतं.

सुरुवातीला वाटलं एखाद्या दिवशी राहून गेलं असेल. मग रोज पाहायला लागलो. सोमवारी शनिवार. अटेंडंट भलताच, नाव भलतंच. दिवसाची सिस्टर म्हणायची ते नाइटचं काम, नाइटची म्हणायची सकाळी फिजिओवाले बदलतात. मी बर्डीच्या बाजारातून मार्कर आणून ठेवला, तोही गेला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी मी तिथे असताना डॉक्टर राउंडला आले. भावाला विचारलं, "आज कोणता वार?" त्याने मान वळवली, फळ्याकडे पाहिलं, अक्षरं लावत वाचलं आणि म्हणाला, "बुधवार." फळ्यावर बुधवारच होता. दिवस वेगळा होता. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं: वेळेचं भान नाही. माझ्या डोळ्यांसमोर. ज्या माणसाला महिनाभरापूर्वी नजर स्थिर ठेवता येत नव्हती त्याने मदत कुठे आहे हे लक्षात ठेवलं, तिकडे पाहिलं, वाचलं, उत्तर दिलं, आणि त्याच्या खात्यात चूक पडली.

याच काळात गोट नावाची चाचणी चालू होती. शंभरपैकी 75 च्या वर सलग आले की विस्मृतीचा काळ संपला असं धरतात. त्यात वार, तारीख, महिना, ठिकाण हेही विचारतात आणि चुकलं की गुण कापतात. मग विचार करा, चुकीच्या फळ्याने काय काय बिघडतं.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये बराच तापलो. त्यांचं म्हणणं, थेरपी वेळेवर होते ना, फळ्याचं एवढं काय. थेरपी होत होती, खरं आहे. टिल्ट टेबल (हळूहळू उभं करणारा पलंग), पॅरलल बार, डाव्या पायाला एएफओ (घोट्याला आधार देणारा साचा), सगळं. पण थेरपी दिवसातून दोन-अडीच तास. उरलेले तास पेशंट त्या खोलीत, त्या फळ्यासमोर असतो. मी निवासी सेंटरचे पैसे त्या उरलेल्या तासांसाठीच भरत होतो. दोन तासांसाठी रोज ऑटो करून आणलं असतं. एक मार्कर, एक माणूस, सकाळचं अर्धं मिनिट. पन्नास हजारांत एवढंही बसत नसेल तर कठीण आहे.

इथपर्यंतचं दिवाळीच्या बरंच आधी लिहून ठेवलं होतं. तेव्हा पाचपैकी दोन तारे देणार होतो. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या, म्हणून पुढचं वेगळं आहे.

पहिली, स्पीच थेरपिस्ट मॅडम. मला वाटायचं भाऊ बोलतोय तर स्पीच थेरपी कशाला, ते पैसे वाचवू. पण गिळण्याचं काम त्यांच्याकडेच असतं. नळी असताना पाणीसुद्धा फुप्फुसात जायची भीती. त्यांनी घट्ट केलेलं पाणी चमच्याने सुरू केलं, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवलं, दर घोटानंतर आवाज काढायला लावून तो ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा येतो का ते ऐकायच्या. कोजागिरीच्या सुमारास राइल्स ट्यूब निघाली. पहिला मऊ वरणभात खाल्ला तेव्हा आई खोलीबाहेर जाऊन रडली. जेवणाबद्दल मी आधी बोंब मारली होती, ती मागे घेतो. जेवण अळणी आहे, पण प्रत्येकाच्या गिळण्याप्रमाणे वेगळं दळून, घट्ट करून येतं. एवढी मेहनत आम्हाला घरी जमली नसती.

दुसरी, नवीन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळा भिंतीवरून खाली घेतला, भावाच्या बसल्या उंचीला लावला आणि मार्कर त्याच्या हातात दिला. सकाळी पेपर आला की त्यावरची तारीख पाहायची, फळ्यावर लिहायची, अटेंडंटला नाव विचारून तेही लिहायचं. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा डाव्या हाताने फळा दाबून धरायचा म्हणून त्याला घाम फुटला होता. ओळ तिरकी गेली, पण तारीख बरोबर. अटेंडंटला म्हणाला, "तुमचं नाव सांगा जी, लिहायचं हाय." त्या महिन्यापासून मला फळ्यावर शिळी तारीख एकदाही दिसली नाही.

मॅडमनी चहा करायला लावला, साखर दोनदा पडली की पायऱ्यांची चिठ्ठी ओट्यावर चिकटवली. नंतर सांबार (कोथिंबीर), आलू, चहापत्ती अशी यादी देऊन अटेंडंटसोबत कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवायच्या, डोक्यावर हेल्मेट घालून, कारण हाड अजून पोटातच होतं. ते डिसेंबरमध्ये परत बसवलं.

म्हणजे यांना सगळं येतं. एक माणूस बरा आला की होतं. म्हणूनच ऑगस्ट-सप्टेंबरचा राग जात नाही. ज्या आठवड्यांत मेंदूला सर्वांत जास्त आधार लागतो तेच आठवडे ढिलाईत गेले, आणि ते 'तुमचं काम, माझं काम' यात.

सेंटर पाहायला जाणाऱ्यांना माझं सांगणं: सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळी सेंटरं छान दिसतात. संध्याकाळी सातनंतर जा, थेरपिस्ट घरी गेल्यावर. टीव्हीचा आवाज ऐका. एका पलंगाला किती अटेंडंट बदलतात ते विचारा, कारण रोज नवा चेहरा या पेशंटांना सोसत नाही. आणि फळा वाचा. अपघाताच्या नुकसानभरपाईची केस चालू असेल तर अटेंडंटचा, थेरपीचा खर्च बिलात वेगळा मागा. आम्हाला महिनोन्‌महिने 'पॅकेज' अशी एकच ओळ मिळाली, वकिलाने ती पाहून डोक्याला हात लावला. हाच तो न मिटलेला हिशेब. जुनी बिलं फोडून द्यायचं कबूल केलंय, निम्मी आली आहेत.

भाऊ जानेवारीअखेर घरी आला. काठी घेऊन चालतो, दुपारपर्यंत थकतो, लहान गोष्टीवर भडकतो आणि संध्याकाळी त्याला ते आठवत नाही. हिंगण्याच्या कंपनीत परत जाणं सध्या दूर आहे. चार तारे देतोय, त्यातले दोन त्या दोन मॅडमचे आणि एक गडचिरोलीच्या पोराचा. पाचवा बिलं पूर्ण मिळाली तरी देणार नाही. पुन्हा कोणाला ठेवायची वेळ आली तर इथेच ठेवेन, पण फळा रोज कोण बदलणार त्याचं नाव अॅडमिशनच्या कागदावर लिहून घेईन आणि मगच डिपॉझिट भरेन.