नाताळच्या याद्यांसाठी गूगल कीप: ठाण्यातल्या आमच्या घरचा अनुभव

आमचं घर ठाण्यात, चरईत. माझं माहेर वसईचं, नणंद वाशीला, धाकटा दीर घोडबंदर रोडला कासारवडवलीत. नाताळचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र आणि आमच्याकडे. रात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावर केक, दुसऱ्या दिवशी दुपारी फुगे (पिठाचे तळलेले गोल पाव), सोरपोटेल आणि विंदालू हे पोर्कचे प्रकार, आणि त्याआधी पंधरवडाभर कुस्वारची, म्हणजे नाताळच्या फराळाची गडबड. या सगळ्याची यादी आजवर सासूबाईंच्या डोक्यात असायची. किती मैद्याला किती नारळ लागतात, कोणाच्या घरी कोणतं ताट जातं, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचा पेंढा कुठून यायचा, हे त्यांना विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नसे. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. दिवसभर प्रत्येकाला उत्तरं देत बसणं त्यांना झेपत नाही आणि आम्हालाही ते बरं वाटत नाही. म्हणून 2025 च्या नाताळची सगळी तयारी आम्ही गूगल कीपवर मांडली. घर मोठं आहे आणि माणसं चार ठिकाणी विखुरलेली आहेत, अशांना उपयोग होईल म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

कीप हे नोंदी ठेवायचं साधं ॲप आहे. 2013 मध्ये आलं. फुकट आहे, जीमेलचं खातं असलं की झालं. अँड्रॉइडवर, आयफोनवर आणि कंप्युटरवरही चालतं. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे चौकोन येतो, काम झालं की त्यात टिक करायची, मग ती ओळ खोडली जाऊन खाली सरकते. यादी दुसऱ्याच्या जीमेल पत्त्यावर शेअर केली की दोघंही तीच यादी पाहतात आणि तिच्यात बदल करू शकतात. ॲपमध्ये याहून बऱ्याच गोष्टी आहेत, पण नाताळसाठी एवढ्याच पुरल्या.

माझं सगळ्यात ठाम मत याद्या कशा पाडाव्यात याबद्दल आहे. पहिल्यांदा दिवसांप्रमाणे याद्या कराव्यात असं वाटतं: सोमवारी हे, मंगळवारी ते. आमच्याकडे ते उपयोगाचं नाही. दीर ऑफिसातून सुटून स्टेशनवर उतरतो तेव्हा आज काय वार आहे यापेक्षा आपण कुठे उभे आहोत हे महत्त्वाचं. म्हणून याद्यांना नावं दिली ती जागांची. 'जांभळी नाका' या यादीत मैदा, साखर, रवा, नारळ, भाजी. 'वाशी' या यादीत काजू, बदाम, बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, दालचिनी, जायफळ. नणंदेला एपीएमसीचा मसाला मार्केट जवळ, तिथे सुकामेवा घाऊक भावाने मिळतो. 'वसई' या यादीत पोर्क, केळीची पानं, माडाचा गूळ आणि माझ्या आईकडून यायच्या वस्तू. 'घर' मध्ये पडदे, भांडी, जास्तीच्या गाद्या. जो ज्या ठिकाणी जातो तो तीच यादी उघडतो, बाकीची नजरेसमोरही येत नाही. अँड्रॉइडवर एखादी यादी फोनच्या पहिल्या पानावर चिकटवता येते, ती सोय दिराला फार आवडली. एका हातात पिशवी असताना ॲप शोधत बसावं लागत नाही.

जांभळी नाक्यावर डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी काय गर्दी असते ते ठाणेकरांना सांगायला नको. त्या गर्दीत फोन कानाला लावून "वहिनी, बेकिंग पावडर किती?" हे विचारणं म्हणजे दोघांनीही ओरडणं. या वेळी दीर तिथे होता, मी घरी कणीक मळत होते आणि माझा फोन सासूबाईंच्या मांडीवर होता. एकेक ओळ खोडली जाताना त्या वाचून दाखवत होत्या. "मैदा झाला. साखर झाली. नारळ राहिलेत." मग मला म्हणाल्या, "त्याला लिही, जड बघून घे, हलवून पाणी वाजलं पाहिजे." मी 'नारळ' या ओळीखाली तेवढं लिहिलं. कीपमध्ये एका ओळीच्या पोटात दुसरी ओळ सरकवता येते, तशी ती सरकवली. दिराने तिथूनच नारळावर टिक केली तेव्हा पोटातली ओळही आपोआप खोडली गेली. नारळ घरी आले आणि सासूबाईंनी एकेक कानाशी धरून हलवला. सगळे ठीक निघाले.

सासूबाईंना टाइप करणं जमत नाही, पण गूगलच्या कीबोर्डवर मराठी निवडलं की माइक दाबून बोलता येतं आणि अक्षरं बऱ्यापैकी बरोबर उमटतात. केकच्या फळांची यादी त्यांनी अशीच बोलून दिली. एकेक जिन्नस सांगायचा, मी एंटर दाबायचा, पुढचा जिन्नस. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्त्या लावून आलो की आमच्याकडे फळं रममध्ये भिजत घालतात. काळ्या मनुका, बेदाणे, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, चेरी, सगळं बारीक चिरून काचेच्या बरणीत. हे सांगता सांगता त्या मध्येच म्हणाल्या, "काजू यात घालायचे नाहीत, ते मऊ पडतात, केक करायच्या दिवशी मैद्यात घोळवून घालायचे." मी इतकी वर्षं या घरात आहे, केक खाते आहे, पण हे मला माहीत नव्हतं, कारण तो टप्पा त्या नेहमी एकट्याच उरकत. तेही यादीत उतरलं. माझ्या दृष्टीने ॲपची सगळ्यात मोठी कमाई ही. त्या बोलल्या आणि घरातल्या सहा जणांकडे ते एकाच वेळी पोहोचलं.

तारखांच्या बाबतीत कीपवर सगळा भार टाकू नये. कीपमध्ये आठवण लावता येते, पण ती अख्ख्या यादीला लागते, आतल्या एकेका ओळीला नाही. शिवाय मी लावलेली आठवण फक्त माझ्या फोनवर वाजते, नणंदेच्या नाही. हे आधी कळलं की त्रास होत नाही. आम्ही तारीख ओळीतच लिहायला लागलो आणि 'कधी' नावाची एक वेगळी यादी केली, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळातल्या चार रविवारांभोवती. 2025 मध्ये हे रविवार 30 नोव्हेंबर, 7, 14 आणि 21 डिसेंबर असे आले. पहिल्या रविवारी आगमनकाळाच्या माळेवरची (दर रविवारी तिच्यावरची एकेक मेणबत्ती लावतात) पहिली जांभळी मेणबत्ती आणि घराची झाडलोट. दुसऱ्या रविवारी तारा लावणं, दिव्यांच्या माळा तपासणं. तिसऱ्या, गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी कलकल (मैद्याचे वळून तळलेले गोड तुकडे). चौथ्याला बाकीचा कुस्वार आणि गोठा.

कुस्वारचा क्रम टिकण्यावरून ठरतो आणि यादीत तो तसाच लिहिला पाहिजे. कलकल तळून गार झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडे टिकतात, म्हणून ते सगळ्यात आधी. नारळाचं घट्ट दूध, अंडी, मैदा, आणि मग सगळी मुलं काटा किंवा कंगवा घेऊन वळायला बसतात. सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या (करंज्या) त्यानंतर. मिल्क क्रीम (दुधाच्या वड्या) आणि मार्झिपान (सुक्यामेव्याच्या पिठाची मिठाई) शेवटच्या आठवड्यात. दोदोलला (नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेल्या मिठाईला) तास न् तास ढवळायला माणूस लागतं, म्हणून त्यापुढे तारीख आणि माणूस दोन्ही हवं. केक 20 तारखेच्या आसपास. एकाच वेळी मोठे साचे भाजायचे असतील तर पावाच्या भट्टीवाल्याकडे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण त्या दिवसांत सगळ्यांचेच साचे तिथे येतात. तेही 'कधी' मध्ये: "भट्टीवर विचारणे, 7 डिसेंबर". आणि एक ओळ माझ्या लेकीने स्वतः घातली: "नाचणी पेरणे, 12 डिसेंबर". गोठ्यापुढे हिरवळ हवी तर पसरट ताटल्यांत माती घेऊन नाचणी दहा-बारा दिवस आधी पेरावी लागते. चोवीस तारखेला बोटभर उंच कोवळी हिरवळ उभी होती आणि तिच्यात मेंढ्या मांडताना लेक कोणाला हात लावू देत नव्हती.

कोणतं काम कोणाचं, हे नेमून द्यायची सोय कीपमध्ये नाही. ही त्याची मोठी उणीव आहे, हे स्पष्ट सांगते. नातं लिहून भागत नाही, कारण माझी सासू ती लेकीची आजी आणि दिराची आई. म्हणून प्रत्येकाने एकेक चित्र निवडलं. सासऱ्यांचा नारळ, दिराची मोटारसायकल, नणंदेची ट्रेन, लेकीचा तारा, जावेचं फूल. ओळीच्या सुरुवातीला ते चित्र टाकायचं. यादी उघडल्यावर आपलं चित्र चटकन दिसतं. ज्या घरात लहान मुलं यादी बघणार आहेत त्यांनी हे जरूर करावं, सहा वर्षांच्या पुतण्यालाही त्याची कामं ओळखता आली.

ताटांची यादी मला सगळ्यात जवळची. आमच्या इमारतीत बहुतेक घरं हिंदू आहेत. दिवाळीत चकली, शंकरपाळी, अनारशांची ताटं आमच्याकडे येतात आणि नाताळला कुस्वारची ताटं त्यांच्याकडे जातात. कीपच्या 'ताटं' यादीत मजल्याप्रमाणे घरं लिहिली आणि प्रत्येकाच्या पोटात एक ओळ: तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे अंडं चालत नाही, त्यांना फक्त नेवऱ्या आणि मिल्क क्रीम. समोरच्या आजोबांना साखर वर्ज्य, त्यांना भाजलेले काजू आणि फळं. दुसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं आहे, त्यांना विचारून घेणे. सव्वीस तारखेला सकाळी मुलांनी फोन हातात धरून ताटं वाटली आणि प्रत्येक दारात योग्य तेच ताट गेलं. असं काम मुलांवर सोपवता आलं, याचं मला फार समाधान वाटलं.

आता कुठे चालत नाही ते. पैशांचा हिशोब कीपमध्ये ठेवू नये, बेरीज करायची सोयच नाही. त्यासाठी आमची रेघांची वही होती आणि ती उत्तम चालली. सासऱ्यांना फोनवर वाचायला आवडत नाही, त्यांच्यासाठी 'कधी' यादी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून फ्रिजवर लावली. आणखी एक काळजी घ्या: यादी ज्याच्या खात्यातून तयार झाली त्याने ती डिलीट केली तर सगळ्यांकडूनच जाते, आणि शेअर केलेल्या प्रत्येकाला ओळी बदलायचा पूर्ण हक्क असतो. म्हणून सगळ्या याद्या घरातल्या एकाच जबाबदार माणसाच्या खात्यातून करा आणि लहान मुलांच्या हातात फोन देताना तेवढं सांगून ठेवा.

ज्यांचं घर चार माणसांचं आहे आणि सामान एकच जण आणतो, त्यांना याची गरज नाही, त्यांना कागदाची चिठ्ठी पुरे. पण ठाणे, वाशी, वसई असा पसारा असेल तर यापेक्षा सोपं काही मला दिसलेलं नाही. मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो कामं नेमून देता येत नाहीत म्हणून.

तीन राजांचा सण (6 जानेवारी) झाला की गोठा उतरवताना एक काम आवर्जून करा. प्रत्येक यादी उघडून काय उरलं, काय कमी पडलं ते त्याच ओळीत लिहा: आमच्याकडे फुग्यांचं पीठ कमी पडलं, बेदाणे बरेच उरले, बाटली मसाला (आमचा घरचा मिश्र मसाला) मार्चपर्यंत पुरेल. मग मेनूमधून सगळ्या टिका एकदम काढून टाका आणि यादी अर्काइव्ह करून ठेवा. पुढच्या वर्षी दिवाळीचं फराळ संपलं की तीच परत बाहेर काढायची.