हजार वॉटचा ॲम्प आणि पंधरा अँपिअरचा फ्यूज

गाडीतल्या स्पीकरांसाठी घेतलेल्या ॲम्पवर, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर, मोठ्या चंदेरी अक्षरांत १००० वॉट लिहिलेलं, आणि त्याच्याच कडेला १५ अँपिअरचा निळा फ्यूज. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर होतं. तरी पैसे दिले. हे लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलं तर तोच माल उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसेल.

हिशेब शाळकरी पोराला जमेल इतका सोपा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. त्याला १५ने गुणा, २१६ वॉट. त्या डब्यात सलग जाऊ शकते ती एवढीच वीज. क्लास एबी या जास्त तापणाऱ्या रचनेच्या ॲम्पमध्ये त्यातली चाळीस टक्के तरी उष्णतेत जाते. उरले १३०, चार चॅनेलांत वाटले तर प्रत्येकी ३२. गाडीबरोबर आलेल्या स्टिरिओवर ‘५० गुणिले ४’ छापलेलं असलं तरी खरे आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, १८ ते २० वॉट तो देतच असतो. म्हणजे एवढा खर्च करून पदरात पडले ते दोन डेसिबल, कानाला जेमतेम कळेल एवढा फरक! खऱ्या हजार वॉटच्या क्लास डी ॲम्पला (ही रचना वीज कमी वाया घालवते) सुद्धा ८५ ते ९० अँपिअर लागतात. त्यावर ३०-३०चे तीन फ्यूज असतात, नाहीतर बाहेर तेवढा मोठा फ्यूज लावायची सूचना असते. ॲम्पवरचे आकडे वाचू नका, फ्यूज वाचा.

मग तेव्हा तोंड का उघडलं नाही? कारण समोर डेमो चालू होता. जुने स्पीकर सरळ स्टिरिओवर जोडलेले, नवे ॲम्पवर, वर बास बूस्ट पूर्ण चढवलेला. जरासा मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो, आणि हे ठाऊक असलेल्या माणसालाही तो तसाच वाटतो. त्यात छातीवर बास आदळत असताना कोण भागाकार करत बसतं? ‘हा फ्यूज एवढा लहान कसा?’ हे पाच शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले. ते आठवलं की आजही डोकं फिरतं. बूस्ट बंद करायला लावा, दोन्हींचा आवाज सारखा करायला लावा आणि मगच ऐका. दुकानदार कुरकुरला तर उठा.

पुढे दारांचे ट्रिम काढले तेव्हा बाकीचं बाहेर आलं. साडेसहा इंची कंपोनंट स्पीकरचा (जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगवेगळे असलेला संच) मॅग्नेट चांगला जाडजूड दिसत होता. रबरी टोपण उपसलं तर आत त्याच्या निम्म्याहून लहान मॅग्नेट. टोपण काढून दाखवायला नकार मिळाला तर तो बॉक्स परत ढकला. क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळे करून त्या त्या स्पीकरला देणारी डबी, बारा डेसिबलचा (तीव्र उताराने आवाज वेगळे करणारा) म्हणून विकलेला. त्यात वूफर आणि ट्वीटर दोन्ही बाजूंना एकेक कॉइल आणि एकेक कपॅसिटर तरी हवा. डबी उघडली तर ट्वीटरच्या तारेत एकच ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कॉइल नाहीच, वूफर थेट जोडलेला. त्या कपॅसिटरने चार ओहमच्या ट्वीटरला साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास कट मिळतो, त्याखालचं सगळं वूफरवर पडतं आणि गाणाऱ्याचा आवाज दारात तळाशी बसून राहतो.

बिलात डॅम्पिंगच्या (दाराच्या पत्र्याची थरथर दाबणाऱ्या) ८ शीट, निघाल्या ३. त्याही ब्यूटिल रबराच्या नव्हे, डांबराच्या. उन्हात गाडी उभी राहिली की वास सांगतो. बिलात ४ गेजची तांब्याची वायर ५ मीटर, मोजली तर साडेतीन. वरचं इन्सुलेशन जाड, आतला गाभा जेमतेम ८ गेजचा (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक). सुरीने एक तार खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. कापायच्या आधी टोक खरवडून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

एका दाराची प्लस-मायनस उलटी होती, त्यामुळे दोन वूफर एकमेकांचा बास मारत होते. बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवला आणि बास वाढला, की समजा हेच झालंय. ‘बास कमी येतो’ म्हटल्यावर वायर तपासायची सोडून गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारी खुंटी, शेवटापर्यंत पिळून दिला. त्याने सिग्नलचे माथे कापले जातात, आणि असा कापलेला सिग्नल ट्वीटर जाळतो. मूळ कनेक्टर छाटून तारा पिळून टेप लावली होती, तारा न कापता जोडणाऱ्या कपलर हार्नेसचे पैसे मात्र घेतले. दारातला पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा फाडला तो फाडलाच. जुने स्पीकर? ‘त्यांना काय किंमत?’ म्हणत ठेवून घेतले. काम सुरू होण्याआधीच सांगा, जुना माल आमच्या डिकीत.

आणि तक्रार! दुकानदार म्हणाला, आवाज येतोय ना? वितरक म्हणाला, दुकानदाराशी बोला. सर्व्हिस सेंटरने सीरियल नंबर बघितला आणि तोंडी सांगितलं की हा माल आमचा नाही, म्हणून वॉरंटी नाही. मग तसं लिहून द्या म्हटलं, तर ‘जे आमचं नाही त्यावर आम्ही लेखी देत नाही.’ तक्रार घेणाऱ्या कार्यालयाला नेमका तोच कागद हवा होता! तिसऱ्या खेपेला त्यांनी तज्ज्ञाचा अहवाल मागितला. तज्ज्ञ कुठला, कुणी मान्य केलेला, याचं उत्तर टेबलावर कुणाकडे नव्हतं. पोलिसांकडे गेलो तर हा दिवाणी मामला, त्या कार्यालयात जा. फ्यूजवर १५ छापलंय, ॲम्पवर १००० छापलंय, गुणाकार करून कागदावर दिला, तरी समोरच्या माणसाने तो उलटा धरून बाजूला ठेवला. इतक्या टेबलांवर बसलेल्यांपैकी एकानेही गाडीपर्यंत चार पावलं टाकली नाहीत. बिलावर फक्त ‘ऑडिओ काम’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. मॉडेल, सीरियल नंबर, आरएमएस वॉट, वायरचं गेज आणि धातू, सगळं लिहून घ्या, नाहीतर दाद मागायला हातात काहीच उरत नाही.

पैशांपेक्षा चीड आणणारी गोष्ट शेवटी सापडली. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीला वाचवायला असतो, तो पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा आणि वायरीला झेपेल एवढाच हवा. इथे तो डॅशबोर्डच्या मागे होता, १०० अँपिअरचा, त्या हडकुळ्या वायरीवर. वायर इंजिनाच्या बाजूने पत्र्यातून येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी कडी) नाही, इन्सुलेशन पत्र्याच्या धारेवर घासून अर्धं कापलेलं. तिथे ती बॉडीला टेकली असती तर फ्यूजला कळायच्या आधीच वायर पेटली असती, कारण बॅटरीपासून तिथपर्यंत फ्यूजच नव्हता. ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी आज बॉनेट उघडून पॉझिटिव्हपासून हाताने वायर चाचपत जावं. फ्यूज हाताच्या अंतरात सापडला नाही तर आधी बॅटरीच्या मायनसचा नट सैल करून टर्मिनल सोडवा, मग पॉझिटिव्हवरून ॲम्पची वायर काढा, टोक टेपने गुंडाळा आणि मायनस परत जोडा. गाडी त्याशिवायही चालते.